लेनर्डची जानेवारीतली मासेमारी

लेनर्ड डेम्बिन्स्की दर जानेवारीत पाच दिवस मासे धरायला जायचा. निदान टोलीडोमधल्या त्याच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत अकरा माणसांची तशी ठाम समजूत होती, आणि ती लेनर्डनं स्वतः वर्षानुवर्षं खतपाणी घालून वाढवली होती. मिशिगनच्या उत्तरेला एक गोठलेलं तळं, तळ्यावर लाकडी खोपट, खोपटात बर्फाला पाडलेलं भोक, भोकात गळ, आणि गळापाशी स्टुलावर बसलेला बावन्न वर्षांचा, अडीचशे पौंडांचा, मोजकं बोलणारा लेनर्ड. चित्र इतकं झकास होतं की अधूनमधून त्याला स्वतःलाच खरं वाटायचं.

प्रत्यक्षात त्या पाच दिवसांत तो फ्लोरिडात असायचा. ‘लँटर्न लेक’ नावाच्या थीम पार्कमध्ये, बायकोचा हात धरून, डोक्यावर पाणमांजराचे गोल गोल कान लावून.

या खोटेपणात पहिली अडचण आली ती नाकाची. बर्फात बसून आलेल्या माणसाचं नाक सोलवटलेलं नसतं. लेनर्डचं असायचं. पहिल्या वर्षी त्यानं सांगितलं, “बर्फावरून ऊन उलटं येतं. खालून भाजतं.” मार्व्ह नावाचा त्याचा सहकारी स्वतः मासेमारी करणारा होता. तो बराच वेळ त्या नाकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “असेल बुवा.” दुसऱ्या वर्षी मार्व्हनं मासे मागितले. त्या दिवसापासून लेनर्ड विमानतळावरून घरी येताना वाटेत मासळीच्या दुकानात थांबायला लागला.

“साफ करून देऊ का?” दुकानदार विचारायचा.

“नको, नको. आहेत तसे द्या. जमलं तर थोडे विस्कटूनच द्या.”

त्याची बायको ग्लेंडा तेव्हा गाडीत बसून खिदळत असायची. ती एका दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायला आणि वेळा द्यायला होती. आपण सुट्टीत कुठं जातो हे ती तिथं येणाऱ्या प्रत्येक पेशंटला तोंडभरून सांगायची, आणि पेशंटच्या तोंडात कापूस कोंबलेला असल्यामुळे कुणी कधी उलटा प्रश्न विचारला नव्हता.

“तू बाहेर एखादी बाई ठेवली असतीस ना लेनर्ड,” ती म्हणायची, “तरी एवढी लपवाछपवी लागली नसती.”

“बाईचं लोक समजून घेतात,” लेनर्ड म्हणायचा. “कानांचं नाही घेत.”

या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यामागे काही मोठी कहाणी असेल असं लोकांना वाटायचं आणि विचारताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. पण कहाणी नव्हती. ग्लेंडा सदतीस वर्षांची असताना एका रविवारी भांडी घासता घासता तिनं विचारलं होतं, “तुला हवंय का रे मूल?” लेनर्ड बशी पुसत म्हणाला होता, “तुला हवं असेल तर.” ती म्हणाली, “मला तुला हवं असेल तर.” दोघं एकमेकांकडे बघत राहिली, मग हसायला लागली, आणि भांडी संपली. पुढं कधीतरी वाईट वाटेल म्हणून दोघांनी थोडी वाटही पाहिली. वाईट वाटायचं, नाही असं नाही. नाताळात तासभर यायचं, कोपऱ्यात बसायचं, आणि आपण होऊन निघून जायचं.

पार्कचा नाद लागला तो ग्लेंडाच्या बहिणीमुळे. बहिणीच्या घरच्या चौघांनी आणि या दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. जायच्या दोन दिवस आधी बहिणीच्या दोन्ही मुलांना कांजिण्या उठल्या. तिकिटं परत होणारी नव्हती.

“पोरांशिवाय आपण दोघांनीच तिथं जायचं?” लेनर्ड म्हणाला होता. “म्हणजे नवरा-नवरी नसताना मांडवात जाऊन जेवण्यासारखं झालं.”

“मग हॉटेलच्या तलावाशी बसून राहू,” ग्लेंडा म्हणाली.

हॉटेलच्या तलावाशी ती दोघं पाऊण तास बसली. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लेनर्ड ओंडक्याच्या होडीतून पाण्यात आदळण्याच्या खेळात सात वेळा बसून आला होता, आणि सातव्या वेळी त्यानं पुढची जागा मिळावी म्हणून एका नऊ वर्षांच्या मुलीशी रीतसर वाद घातला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं कान विकत घेतले. भाचीसाठी, असं म्हणाला. पिशवीत चुरगळतील म्हणून डोक्यावर घातले. भाचीला ते कधीच मिळाले नाहीत.

तेव्हापासून दर वर्षी जानेवारीचा शेवटचा आठवडा. शाळा सुरू असतात, रांगा तोकड्या असतात, आणि सकाळी साडेसातला फाटकाशी हजर राहिलं तर नऊपर्यंत चार खेळ उरकतात. हे सगळं लेनर्डनं एका कागदावर मिनिटांसकट उतरवलं होतं, कागदाला प्लॅस्टिकचं वेष्टन घातलं होतं आणि तो गळ्यात अडकवला होता. खायचं काय हे मात्र ग्लेंडा ठरवायची, कारण एकदा लेनर्डवर सोपवलं तेव्हा दोघांनी दिवसभर भाजलेल्या टर्कीच्या तंगड्या चावल्या होत्या आणि ग्लेंडाच्या एका दाढेचं सिमेंट निघालं होतं. दुपारी तीनची मिरवणूक दोघं दुकानाच्या पायरीवर बसून बघायची. पहिल्या होडीतून कप्तान टॉबी, म्हणजे पार्कचं पाणमांजर, हात हलवत आलं की लेनर्डच्या डोळ्यांत पाणी यायचं. का, ते त्याला सांगता यायचं नाही. एक माणूस आत घामानं निथळतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी यायचंच. म्हणून तो काळा चष्मा वापरायचा.

“तुमची मुलं कुठं राहिली?” रांगेत कुणीतरी हटकून विचारायचं.

“हा काय, उभा आहे की,” ग्लेंडा लेनर्डकडे बोट दाखवायची. “खाऊन आलाय, नाहीतर किरकिर करतो.”

अकराव्या वर्षी, बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, ती दोघं मोठ्या पाळण्यात बसली. लँटर्न लेकचा पाळणा एकशे ऐंशी फूट उंच, आणि त्याची प्रत्येक खोली कंदिलाच्या आकाराची, चारही बाजूंनी काचेची. लेनर्डला तो फारसा आवडायचा नाही, पण ग्लेंडाला वरून तळं बघायचं असायचं. त्यांच्या कंदिलात जॉर्जियाहून आलेली रोशेल नावाची एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी एमरी, अशा आणखी दोघी होत्या. लेनर्डच्या हातात मग होता. साधा नव्हे. दर वर्षी पार्क एक नवा मग काढायचं, झाकणाचा, मुठीच्या जागी पाणमांजराची शेपटी असलेला, आणि लेनर्डच्या तळघरात ते ओळीनं मांडलेले होते. हा अकरावा त्यानं त्याच सकाळी घेतला होता.

“नातवंडांबरोबर आलात?” रोशेलनं हसून विचारलं.

“नाही, आम्ही दोघंच,” ग्लेंडा म्हणाली.

“अय्या, म्हणजे मुलं घरी?”

“मुलं नाहीत आम्हाला.”

“ओह.” रोशेलचा आवाज ठरल्याप्रमाणे खाली आला. “नाही, छानच आहे की. फक्त ही मजा मुलांच्या डोळ्यांतून बघितली की... ते सांगून कळायचं नाही हो. पोटचं पोर असलं की वेगळंच असतं.”

“असणारच,” ग्लेंडा शांतपणे म्हणाली आणि तळ्याकडे बघायला लागली.

कंदील अगदी टोकाला पोचला आणि थांबला. एक हलका हिसका, मग खालून कुठून तरी ‘ठक्’ असा आवाज, आणि शांतता.

आता इथं सांगायला हवं की लेनर्डचा धंदाच हा होता. तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. अडकलेल्या माणसांशी डब्यातल्या स्पीकरवरून बोलायचं काम कंपनीत त्याच्याकडेच होतं, कारण त्याचा आवाज जाड आणि सावकाश होता. ‘तुम्ही अगदी सुरक्षित आहात. डबा खाली पडू शकत नाही. खोल श्वास घ्या. आम्ही पोचतोच आहोत.’ एका बँकेच्या इमारतीत त्यानं सोळा जणांना दोन तास असं शांत ठेवलं होतं, आणि त्याबद्दल त्याला एक पाटी मिळाली होती. ती त्यानं तळघरात मगांच्या वर लावली होती.

तर असा हा लेनर्ड तो ‘ठक्’ ऐकून काय म्हणाला?

“ब्रेक लागला,” तो म्हणाला. “आपणहून लागलाय. म्हणजे मोटर गेली. किंवा गिअरबॉक्स. गिअरबॉक्स असेल तर वाईट. वारा वाढला आणि एका बाजूला वजन जास्त असलं तर मग...”

रोशेलचा चेहरा पांढरा झाला.

“लेनर्ड,” ग्लेंडा म्हणाली, “तोंड बंद.”

“मी फक्त शक्यता सांगतोय.”

“शक्यता पोटात ठेव.”

लेनर्डनं शक्यता पोटात ठेवल्या, आणि तिथं त्या उड्या मारायला लागल्या. लिफ्टच्या विहिरीत त्याला कधी भीती वाटली नव्हती. तिथं चारी बाजूंनी अंधार असतो, भिंती असतात, वंगणाचा ओळखीचा वास असतो. इथं पायाखालीसुद्धा काच होती. तो बाकाच्या मधोमध बसला, दोन्ही हातांनी मग धरला आणि नजर छताला लावली. गुडघे आपले आपण हलायला लागले. तेव्हा ग्लेंडानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्याच जाड, सावकाश आवाजात सुरू केलं, “तुम्ही अगदी सुरक्षित आहात. डबा खाली पडू शकत नाही. खोल श्वास घ्या.”

“हे मी लोकांना सांगतो,” लेनर्ड दातांतून म्हणाला. “याचा काही उपयोग होत नाही, हे मला आज कळतंय.”

“त्या सोळा जणांना झाला होता ना?”

“त्यांनी सभ्यपणानं तसं सांगितलं असेल.”

छोटी एमरी त्याच्यासमोर उभी राहून निरखत होती. एकटी तीच घाबरली नव्हती. “तुम्ही रडताय का?”

“नाही बाळ, चष्म्यात घाम गेलाय.”

“तुमचे कान वाकडे झालेत.” तिनं पुढं होऊन त्याचे कान सरळ केले, आणि मग हात काढायचा विसरून एक कान तसाच धरून ठेवला. लेनर्डला बरं वाटलं. हे तो पुढं कुणालाही सांगायचा तेव्हा खालच्या आवाजात सांगायचा, की तीस वर्षांच्या अनुभवानं जे झालं नाही ते सहा वर्षांच्या पोरीनं खोटा कान धरून केलं.

वीस मिनिटं गेली. स्पीकरवरून एक तरुण आवाज आला, की तांत्रिक कारणामुळे थोडा वेळ लागेल. ‘तांत्रिक कारण’ म्हणजे आपल्यालाही अजून माहीत नाही, हे लेनर्डला पक्कं माहीत होतं, कारण तो स्वतः तेच वाक्य वापरायचा. आणखी दहा मिनिटांनी एमरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली.

“आई, मला शू लागली.”

“थोडं थांब ना राणी.”

“थांबले की मघापासून!”

रोशेलनं आपली पिशवी उपसली. त्यात बिस्किटं होती, ओले रुमाल होते, जादा मोजे होते, उन्हाचं मलम होतं, पण कामाचं काही नव्हतं. तिची नजर कंदिलभर फिरली आणि लेनर्डच्या हातावर येऊन थांबली. ग्लेंडाचीही तिथंच थांबली. लेनर्डनं मगाकडे पाहिलं. शेपटीची मूठ, घट्ट बसणारं झाकण, तळाशी सोनेरी अक्षरांत वर्ष. एकदासुद्धा ओठाला लावला नव्हता.

“दुसरं काहीच नाही?” त्यानं क्षीणपणे विचारलं.

“लेनर्ड.”

त्यानं मग दिला. “झाकण उजवीकडे फिरवायचं,” एवढं मात्र सांगितलं.

मग एमरीनं फर्मान काढलं, “सगळ्यांनी तिकडं बघा!” तिकडं म्हणजे बाहेर. लेनर्डला उठावं लागलं, काचेला नाक लावून उभं राहावं लागलं, आणि जे तो अर्धा तास टाळत होता ते करावं लागलं. खाली बघावं लागलं. एकशे ऐंशी फुटांवर माणसं तिळाएवढी दिसत होती, होड्या शेंगदाण्याच्या टरफलांसारख्या. शेजारी ग्लेंडा उभी होती. तिनं त्याचा पंजा हातात घेतला आणि म्हणाली, “तळं किती हिरवं दिसतंय बघ.”

“दिसतंय,” तो डोळे मिटून म्हणाला.

“डोळे उघड, मूर्खा.”

त्यानं उघडले. तळं खरंच हिरवं होतं. मधल्या बेटावर बगळ्यांचा थवाच्या थवा बसला होता, आणि अकरा वर्षांत वेळापत्रकाच्या घाईत त्यानं ते बेट एकदाही पाहिलं नव्हतं.

मागं झाकण फिरवल्याचा आवाज झाला. “झालं!” एमरी म्हणाली. लेनर्ड पुन्हा बाकावर टेकला. रोशेल त्याच्या शेजारी बसत म्हणाली, “मघाशी मी उगाच काहीतरी बोलून गेले. तोंडाला लगाम नाही मला.”

“असू द्या हो,” लेनर्ड म्हणाला. “माझ्याही नव्हता. गिअरबॉक्सचं तेवढं विसरून जा.”

पन्नास मिनिटांनी पाळणा सावकाश फिरला आणि सगळे खाली आले. खाली एक टीव्हीवाली बाई माईक घेऊन तयार उभी होती. तिला नेमका लेनर्डच दिसला, कारण तो सगळ्यात पांढरा पडला होता, सगळ्यात मोठा होता आणि त्याला कान होते. हातात झाकण लावलेला मग होता, कारण एमरीनं तो विश्वासानं त्याच्याकडे परत दिला होता.

“साहेब, आपण काय करता?”

“लिफ्ट दुरुस्त करतो,” लेनर्ड म्हणाला. “टोलीडोला.”

बाईचा चेहरा उजळला. “लिफ्टवाले! मग तुम्हाला तर भीती वाटली नसेल?”

“मला सगळ्यात जास्त वाटली,” लेनर्ड म्हणाला. त्या क्षणी खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

“आणि या गोड मगात काय आहे?”

लेनर्डनं मगाकडे पाहिलं. दोन पावलांवर एमरी उभी होती, डोळे विस्फारून.

“लिंबू सरबत,” तो म्हणाला.

ती मुलाखत फ्लोरिडापुरती राहील असं त्याला वाटलं होतं. टोलीडोच्या वाहिनीनं ती त्याच संध्याकाळी दाखवली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवली, आणि खाली पट्टी दिली, ‘आपला लिफ्टवाला अडकला’. याचा लेनर्डला पत्ताच नव्हता. शनिवारी घरी येताना तो नेहमीच्या मासळीच्या दुकानात थांबला. दुकानदार त्याच्याकडे जरा विचित्र बघत होता, पण त्यानं आठ मासे बांधून दिले.

सोमवारी सकाळी लेनर्डनं बर्फाची पेटी कंपनीतल्या टेबलावर ठेवली. अकराही जण आले होते. एरवी सोमवारी इतक्या लवकर तिघांच्या वर कुणी नसायचं.

“काय म्हणत होतं तळं?” मार्व्हनं विचारलं.

“झकास.”

“बर्फ किती होता?”

“चौदा इंच. काही ठिकाणी पंधरा.”

“वारा?”

“वारा होता. पण खोपटात काय लागतोय.”

“एकटाच होतास?”

“एकटाच. शांतता रे. माणूस स्वतःशी बोलायला लागतो.”

मार्व्हनं पेटी उघडली, एक मासा शेपटीला धरून उचलला, सगळ्यांना दाखवला, आणि मग अतिशय गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “आणि लिंबू सरबत कसं होतं?”

लेनर्डला आधी कळलं नाही. मग त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. अकरा माणसं ओठ आवळून, खांदे हलवत उभी होती. कुणाच्या तरी तोंडून पहिलं हसू फुटलं आणि मग छप्पर उडायचं बाकी राहिलं. लेनर्ड खुर्चीत बसला. कान, म्हणजे स्वतःचे खरे कान, तापून लाल झाले. कंपनीतल्या तीस वर्षांच्या अब्रूचं काय होतंय ते तो बघत राहिला, आणि थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपणही हसतोय.

“अकरा वर्षं!” मार्व्ह डोळे पुसत म्हणाला. “अकरा वर्षं मी घरी जाऊन बायकोला सांगतोय, की बर्फावरून ऊन उलटं येतं!”

“येतं रे, खरंच येतं,” लेनर्ड म्हणाला. “मी वाचलंय.”

मगात खरं काय होतं तेही त्याच दिवशी त्याच्या तोंडून निघालं, आणि पुढचे दोन महिने त्याचे हाल झाले. त्याच्या हेल्मेटला कुणीतरी पुठ्ठ्याचे कान चिकटवले. लिफ्टमधून स्पीकरवर मुद्दाम हाक यायची, “लेनर्ड, मला शू लागली!” आधी तो चिडायचा, मग आपणच सांगायला लागला. कुणी नवा माणूस आला की सगळी हकीकत पहिल्यापासून, गिअरबॉक्ससकट. त्यात स्वतःचे गुडघे किती हलत होते हे तो दर वेळी थोडं वाढवून सांगायचा. तो अकरावा मग मात्र त्यानं सोडा घालून सात वेळा धुतला, तळघरात इतरांपासून जरा लांब ठेवला, आणि ग्लेंडानं कितीही सांगितलं तरी टाकला नाही.

मार्चच्या शेवटी, एका संध्याकाळी कंपनीतून निघताना, फोरमन ड्वेन हॅचरनं त्याला गाड्यांपाशी गाठलं. ड्वेन साठीला आलेला, कडक शिस्तीचा, तीन मुलांचा बाप. त्याच्या तोंडून कामाशिवाय दुसरा शब्द कुणी ऐकला नव्हता. लेनर्डला वाटलं, हेल्मेटवरच्या कानांबद्दल बोलणी बसणार.

“तुम्ही दोघं जाता ना तिकडं,” ड्वेन स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला. “पाच दिवस.”

“हो. म्हणजे, यापुढं रजेच्या अर्जावर खरं लिहीन.”

“ते नाही रे.” ड्वेननं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “पाच दिवस बोलता काय एकमेकांशी?”

लेनर्डला प्रश्न कळला नाही.

“धाकटी ऑरेगनला गेली सप्टेंबरात,” ड्वेन म्हणाला. “आता मी आणि नोरीन. तीस वर्षं आम्ही मुलांबद्दल बोलत आलो. कुणाची शाळा, कुणाचा ताप. ती गेल्यावर काही महिने कुत्र्याबद्दल बोललो. कुत्रा गेला मागच्या महिन्यात. आता जेवताना चमच्यांचा आवाज येतो. म्हणून विचारलं. तुम्हाला तर कधीच... म्हणजे तुम्ही सुरुवातीपासून दोघंच. तुम्हाला जमतं कसं?”

आपल्याला कुणी कधी हा प्रश्न विचारेल असं लेनर्डला वाटलं नव्हतं. कशाततरी आपण जाणकार ठरू शकतो, तेही यात, हे त्याला पचेना. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला.

“आम्ही रांगेत उभे राहतो,” तो म्हणाला. “आणि पुढची रांग कुठली धरायची यावरून भांडतो.”

“एवढंच?”

“एवढंच. पण भांडण जोरदार असतं.”

ड्वेननं गाडीचं दार उघडलं. मग म्हणाला, “जानेवारीत कधी जाता?”

अशा रीतीनं बाराव्या वर्षी फाटकाशी सकाळी साडेसातला चौघं उभे होते. लेनर्डनं वेळापत्रकाच्या चार प्रती काढल्या होत्या, चारी गळ्यांत घातल्या होत्या, आणि विमानात चढल्यापासून त्याचं तोंड बंद नव्हतं. कुठल्या रांगेत डावीकडचा फाटा लवकर सरकतो, कुठल्या नळाचं पाणी गार असतं, मिरवणुकीला कुठली पायरी. नोरीन, गुडघ्यांनी थकलेली, हसऱ्या चेहऱ्याची बाई, मान डोलवत होती. ड्वेननं एकदाच विचारलं, “आणि बसायचं कधी?”

“बसायचं?” लेनर्ड म्हणाला. “बसायला खेळ आहेत की.”

सव्वानऊला ड्वेन आणि नोरीन हरवली. लेनर्ड आणि ग्लेंडा तिसऱ्या खेळातून बाहेर आली तेव्हा ठरल्या जागी कुणी नव्हतं. लेनर्डनं दहा मिनिटं वाट पाहिली, मग शोधाशोध सुरू केली. ओंडक्याच्या होडीपाशी नाहीत, पाळण्यापाशी नाहीत, खाण्याच्या गाड्यांपाशी नाहीत. त्याची चिडचिड वाढत गेली. नऊ पस्तीसचा खेळ गेला, नऊ पन्नासचा गेला.

“माणसांना एक साधा कागद वाचता येत नाही,” तो म्हणाला.

“गुडघे दुखत असतील रे तिचे.”

“गुडघ्यांसाठी अकरा चाळीसला वीस मिनिटं ठेवली होती!”

शेवटी ती सापडली ती पार्कच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, लहान पोरांच्या विभागात. तिथं एक चिमुकली आगगाडी होती, तीन-चार वर्षांच्या मुलांची. बुटकी कुंपणं, कागदी फुलांचा बोगदा, आणि चालण्यापेक्षा सावकाश गती. शाळेचे दिवस असल्यामुळे गाडी जवळजवळ रिकामी होती. शेवटच्या डब्यात गुडघे हनुवटीला लावून ड्वेन बसला होता, शेजारी नोरीन. ड्वेन बोलत होता. हातवारे करून, मान वळवून वळवून बोलत होता, आणि नोरीन हसून हसून कठड्यावर वाकली होती. गाडी लेनर्डसमोरून गेली. ड्वेननं बोलणं न थांबवता नुसता हात हलवला.

“कितवी फेरी?” ग्लेंडानं गाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला ओरडून विचारलं.

“सहावी,” म्हातारा म्हणाला. “उतरतच नाहीत. मी म्हटलं बसू द्या.”

“ही गाडी माझ्या यादीतसुद्धा नाही,” लेनर्ड म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि रागाच्या खाली काहीतरी दुखावलेलं होतं. बारा वर्षं त्यानं ही जागा कोळून प्यायली होती, आणि हा माणूस पहिल्याच दिवशी येऊन न विचारता नवीन काहीतरी शोधून काढतो म्हणजे काय?

“काय बोलत असेल रे तो एवढं?” ग्लेंडा म्हणाली.

गाडी कागदी फुलांच्या बोगद्यातून पुन्हा बाहेर आली आणि जवळ आल्यावर ड्वेनचं एक वाक्य ऐकू आलं, “...आणि तुझा बाप जिन्यात उभा, हातात माझा बूट!” नोरीन किंचाळून म्हणाली, “तो बूट डावा होता!” “उजवा!” “डावा, ड्वेन, मी बघितला होता!” आणि गाडी पुढं गेली.

“आपण पण बसू या,” ग्लेंडा म्हणाली.

“मी मावेन का त्यात?”

“एक डबा तुला, एक मला.”

“मग काय मजा?”

“मग कोंब स्वतःला.”

म्हाताऱ्यानं गाडी थांबवली. लेनर्डनं एक पाय आत घातला, मग तो काढून दुसरा घातला, मग दोन्ही काढून बाजूनं बसायचा प्रयत्न केला. मागच्या डब्यातून ड्वेन त्याला, फोरमन कामावर देतो तशा, सूचना द्यायला लागला. शेवटी म्हाताऱ्यानं आणि ग्लेंडानं खांद्याला धरून त्याला खाली दाबलं. डबा एका बाजूला कलला, करकरला, आणि तग धरून राहिला. ग्लेंडा उरलेल्या चार बोटं जागेत शिरली आणि अर्धी त्याच्या मांडीवर बसली.

“निघू का?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“निघा,” लेनर्ड म्हणाला. “पण बोगद्यात जरा हळू.”

“याहून हळू जात नाही हो ही,” म्हातारा म्हणाला, आणि त्यानं घंटा वाजवली.